स्वप्रशिक्षित साहाय्यक श्वान

स्वप्रशिक्षित साहाय्यक श्वान म्हणजे दिव्यांग किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तीने स्वतः पिल्लापासून वाढवलेला आणि आपल्या गरजेची कामे शिकवलेला कुत्रा होय. प्रशिक्षण संस्थेकडून मिळणारा श्वान साधारण दीड ते दोन वर्षांचा, कामाला तयार असा असतो. स्वप्रशिक्षणात मात्र पिल्लाची निवड, संगोपन, शिकवण आणि परीक्षा ही सर्व जबाबदारी मालकावर व त्याच्या कुटुंबावर येते. भारतात अशा संस्था फारच थोड्या असल्याने धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात हा मार्ग अधिक जवळचा ठरतो. मात्र त्यातील अडचणीही तेथे अधिक तीव्र होतात.

व्याख्या व प्रकार

साहाय्यक श्वान हा पाळीव कुत्र्याहून वेगळा असतो. मालकाच्या दिव्यांगत्वाशी थेट संबंधित असे किमान एक काम त्याला शिकवलेले असते. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा मार्गदर्शक श्वान, दाराची कडी, फोन किंवा बाळाच्या रडण्याची सूचना कर्णबधिर व्यक्तीला देणारा श्रवण-साहाय्यक श्वान आणि खाली पडलेली वस्तू उचलून देणारा किंवा दार उघडणारा चलन-साहाय्यक श्वान हे याचे प्रमुख प्रकार आहेत. मधुमेह, अपस्मार आणि मानसिक आजार यांसाठीही श्वान तयार केले जातात. अपस्माराचा झटका आल्यावर मदत बोलावणे श्वानाला शिकवता येते. झटक्याची आगाऊ चाहूल काही श्वानांना लागत असल्याचे सांगितले जाते, पण ते खात्रीने शिकवता येईल असे कौशल्य मानले जात नाही.

केवळ सोबतीने धीर देणारा कुत्रा आणि रुग्णालयात किंवा शाळेत नेला जाणारा उपचार-श्वान यांचा साहाय्यक श्वानांत समावेश होत नाही. पोलीस श्वानही या वर्गात मोडत नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेनंतर स्फोटकांचे साठे शोधून देणारा मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर ‘झंजीर’ महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. अशा श्वानामागे शासकीय प्रशिक्षण केंद्र, नेमलेला हस्तक आणि पशुवैद्यकीय व्यवस्था उभी असते. स्वप्रशिक्षण करणाऱ्या व्यक्तीला यांपैकी काहीही आपोआप उपलब्ध होत नाही.

इतिहास

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा सुरू झाली. मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ या जर्मन शेफर्ड कुत्रीसोबत प्रशिक्षण घेतले. पुढील वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. शारीरिक दिव्यांगांसाठीचे श्वान १९७० च्या दशकापासून तयार होऊ लागले. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याखाली श्वान संस्थेतच शिकलेला असावा अशी अट नाही. त्यामुळे तेथे स्वप्रशिक्षणाला कायदेशीर मान्यता मिळाली आणि ही पद्धत रूढ झाली.

भारतातील कायदेशीर स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून समानता, सुगम्यता आणि वाजवी सोयीसुविधा यांच्या तरतुदी आहेत. साहाय्यक श्वानाची स्वतंत्र व्याख्या किंवा नोंदणीची पद्धत मात्र त्यात नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत दिव्यांग प्रवाशाच्या प्रशिक्षित श्वानाला प्रवासी कक्षात नेण्याची तरतूद आहे. दुकान, दवाखाना, शाळा किंवा कार्यालय येथील प्रवेश प्रत्यक्षात बहुधा तेथील प्रमुखाच्या संमतीवर अवलंबून राहतो. त्यामुळे श्वानाला सार्वजनिक ठिकाणी वावरायला शिकवण्यासाठी लागणारी ठिकाणे मालकाला एकेक परवानगी घेऊन मिळवावी लागतात.

२०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे होण्याची किंवा चावरे होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून साहाय्यक श्वानाच्या दृष्टीने हा नियम विशेष महत्त्वाचा आहे.

पिल्लाची निवड

साहाय्यक कामासाठी हुशारीपेक्षा स्थिर स्वभाव अधिक आवश्यक असतो. भांडे पडल्याच्या आवाजाने पिल्लू दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यावर ते किती लवकर सावरते आणि पुन्हा जवळ येऊन वास घेते का, हे निवडताना पाहिले जाते. लॅब्राडॉर व गोल्डन रिट्रीव्हर या जाती जगभर पसंत केल्या जातात, कारण तोंडात वस्तू धरून आणणे आणि माणसाबरोबर काम करणे ही त्यांची उपजत प्रवृत्ती आहे.

धाराशिव, लातूर व सोलापूर या पट्ट्यातील स्थानिक जात म्हणजे कारवान हाउंड अथवा कारवानी. ही सडपातळ, लांब पायांची आणि नजरेने शिकार हेरणारी जात आहे. दाट केसांच्या झुपक्यांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. आखूड केस आणि हलके शरीर यांमुळे कारवानी कुत्रा मराठवाड्यातील उन्हाळा लॅब्राडॉरपेक्षा चांगला सोसतो. परंतु पळती वस्तू दिसताच तिच्यामागे धावणे हा त्याचा पिढ्यानपिढ्यांचा गुण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सशाची शिकार बेकायदा असली, तरी कुत्र्यातील ही प्रेरणा कायम राहते. अंध व्यक्तीच्या किंवा चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीच्या हातातील पट्ट्याला असा एक हिसका बसला तरी गंभीर दुखापत होऊ शकते. कर्णबधिर व्यक्तीला घरात सूचना देण्यासारख्या कामाला मात्र या जातीचा शांत स्वभावाचा कुत्रा किंवा गावठी कुत्राही योग्य ठरू शकतो.

वयानुसार येणारी आव्हाने

लसीकरण व सामाजीकरण

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, सुमारे ३ ते १२ आठवडे हा पिल्लाच्या सामाजीकरणाचा संवेदनशील काळ असतो. या काळात पाहिलेली माणसे, आवाज आणि जागा त्याला पुढे परक्या वाटत नाहीत. नेमक्या याच काळात पिल्लाचे लसीकरण अपुरे असते. पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने दिल्या जातात. रेबीजची लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात देतात. पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. त्यामुळे मोकाट कुत्र्यांचा वावर असलेल्या गल्लीत पिल्लाला खाली सोडणे धोक्याचे असते, तर लसीकरण संपेपर्यंत घरात कोंडून ठेवल्यास ते भित्रे होण्याचा धोका असतो. पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन बाजार, शाळेचे फाटक, एसटी स्थानक दुरून दाखवणे हा यावरचा सर्वमान्य उपाय आहे. मालकाला चालताना आधार लागत असेल तर या कामासाठी दुसरी व्यक्ती लागते.

दात येणे व वयात येणे

चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडून कायमचे दात येतात आणि पिल्लू हाती लागेल ते चावते. कुबडी, पांढरी काठी, श्रवणयंत्र ही महागडी साधने या काळात त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी लागतात. सहा ते अठरा महिने हा वयात येण्याचा काळ सर्वाधिक कसोटीचा मानला जातो. ल्युसी अ‍ॅशर व सहकाऱ्यांनी मार्गदर्शक श्वानांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या तुलनेत आठ महिन्यांच्या वयात श्वान आपल्या पालकाची बसण्याची आज्ञा कमी पाळतात, अनोळखी व्यक्तीची मात्र पाळतात, असे त्यात आढळले. अनेक मालक याच टप्प्यावर निराश होतात किंवा शिक्षेचा मार्ग धरतात. ही अवस्था तात्पुरती असल्याने अपेक्षा कमी करून, सोप्या पाठांकडे परतून बक्षिसाची पद्धत चालू ठेवणे हिताचे ठरते.

हाडांच्या टोकांची वाढ मोठ्या जातींत साधारण दीड वर्षापर्यंत चालू राहते. त्याआधी कुत्र्यावर भार टाकून उठणे, त्याला खुर्ची ओढायला लावणे किंवा उंच उड्या मारायला लावणे यांमुळे सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. मालकाला मदतीची गरज आज असते, तर श्वानाचे शरीर त्यासाठी वर्ष-दीड वर्षाने तयार होते.

काम आणि संयम

वस्तू उचलून देणे किंवा फोन वाजल्यावर येऊन नाकाने ढुशी देणे हे पाठ बरेचसे श्वान काही आठवड्यांत शिकतात. त्यांपेक्षा अवघड शिक्षण ‘काहीही न करण्याचे’ असते. समोर भाकरीचा तुकडा पडला, शेजारून कुत्रे भुंकले किंवा मुलांनी हाका मारल्या तरी मालकाच्या पायाशी तासभर स्वस्थ पडून राहणे ही साहाय्यक श्वानाची खरी परीक्षा असते. साहाय्यक श्वानांच्या मालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या किमान निकषांत सहा महिन्यांत १२० तासांचे प्रशिक्षण आणि त्यांपैकी ३० तास सार्वजनिक ठिकाणी घालवण्याची अपेक्षा आहे.

मार्गदर्शक श्वानाचे काम याहून वेगळे आहे. पुढे खड्डा किंवा वाहन असेल तर ‘चल’ म्हटले तरी त्याने थांबायचे असते. यास बुद्धिपुरस्सर अवज्ञा म्हणतात. डोळस प्रशिक्षकाशिवाय ही शिकवण देणे जवळजवळ अशक्य असल्याने अंध व्यक्तींसाठी संपूर्ण स्वप्रशिक्षण सामान्यतः सुचवले जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. देशातील दिव्यांगांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते. साहाय्यक श्वानांविषयीचे बहुतेक मार्गदर्शन मात्र पाश्चात्त्य शहरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

हवामान : एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजे तेथे भाजतात. त्यामुळे उन्हाळ्यात बाहेरचे पाठ पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच घेता येतात. दुपारच्या गर्दीचा सराव हिवाळ्यासाठी राखून ठेवावा लागतो.

रस्ते : मार्गदर्शक श्वानाला पदपथाच्या कडेशी थांबायला शिकवतात. बहुतेक गावांत पदपथ नसल्याने रस्त्याची एकच कड धरून चालणे आणि उघड्या गटारी, उभ्या बैलगाड्या टाळून पुन्हा त्याच कडेला येणे हा पाठ वेगळा द्यावा लागतो.

जनावरे : उस्मानाबादी शेळीचे हे मूळ क्षेत्र असून दारोदारी शेळ्या बांधलेल्या दिसतात. मेंढ्यांचे कळपही रस्त्याने जातात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा सराव लांब अंतरावरून सुरू करून, आठवड्यागणिक अंतर कमी करत दिला जातो. गुरांच्या सान्निध्यामुळे गोचिडांची व त्यांतून होणाऱ्या तापाची शक्यता वाढते. मोकाट कुत्र्यांनी एकदा केलेला हल्लाही शिकत्या श्वानाचा आत्मविश्वास घालवू शकतो.

आवाज व गर्दी : लग्नाच्या वराती, पोळा, गणेशोत्सव आणि दिवाळीचे फटाके यांची सवय ध्वनिमुद्रणाच्या हळू आवाजापासून लावली जाते. तुळजापूर येथे नवरात्रात होणारी गर्दी वयात येणाऱ्या श्वानासाठी योग्य नसते. बाजारचा दिवस सोडून इतर दिवशी रिकाम्या बाजारतळावर केलेला सराव अधिक उपयोगी पडतो.

आहार : केवळ दूध-भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. अंडी, मांस किंवा तयार खाद्याची जोड आवश्यक असते. कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे कुत्र्यांना विषारी असल्याने घरातील ताटातले उरलेले देण्याची प्रथा बंद करावी लागते.

पशुवैद्यकीय सेवा : सांध्यांची क्ष-किरण तपासणी किंवा तज्ज्ञांचा सल्ला यांसाठी परगावी जावे लागू शकते. मराठवाड्यात उदगीर व परभणी येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

आज्ञांची भाषा व कुटुंब

मराठीतून आज्ञा देताना एक विशेष अडचण येते. ‘बस’ हा शब्द आज्ञा म्हणून सोयीचा वाटतो, पण एसटीची बस, ‘बस झालं’ आणि पाहुण्याला म्हटलेले ‘बस’ हे सर्व श्वानाच्या कानी सारखेच पडते. ‘थांब’, ‘ये’, ‘जा’ हे शब्दही घरात दिवसभर उच्चारले जातात. काही हजार वेळा ऐकून त्यानुसार काहीच घडले नाही, की शब्दाचा अर्थ श्वानाच्या लेखी संपतो. म्हणून घरात क्वचितच वापरला जाणारा शब्द, शिट्टी किंवा हाताची खूण निवडतात. बोलण्यात अडचण असलेल्या मालकासाठी खुणा अधिक उपयुक्त असतात.

एकत्र कुटुंबात आज्ञा कोणी द्यायची, खाऊ कोणी द्यायचा आणि हार्नेस घातल्यावर श्वानाला कोणी हात लावायचा नाही, हे आरंभीच ठरवावे लागते. आजीने प्रेमाने दिलेला घास आणि नातवंडांनी लावलेली उडी मारण्याची सवय अनेक महिन्यांचे शिक्षण वाया घालवू शकते. शेजाऱ्यांनाही, श्वान कामावर असताना त्याला हाक मारू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

अपात्र श्वान

अनुभवी संस्थांतही निवडक वंशांच्या पिल्लांपैकी मोठा भाग आरोग्य किंवा स्वभावाच्या कारणाने कामातून वगळला जातो. अशी पिल्ले घरगुती पाळीव म्हणून दिली जातात आणि गरजू व्यक्तीला दुसरा श्वान मिळतो. स्वप्रशिक्षणात ही सोय नसते. दोन वर्षांचे श्रम, खर्च व जिव्हाळा एकाच पिल्लात गुंतलेला असतो. ते गर्दीला घाबरते किंवा गुरगुरते हे मान्य करणे मालकाला कठीण जाते, कारण त्याबरोबर स्वावलंबनाची आशाही लांबणीवर पडते. तथापि भेदरलेल्या श्वानाला कामाला जुंपणे मालक, श्वान व लोक या तिघांनाही धोक्याचे असते. त्यामुळे दर काही महिन्यांनी कुटुंबाबाहेरील जाणकाराकडून श्वानाची पारख करून घेणे आणि अपात्र ठरल्यास काय करायचे हे पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवणे आवश्यक मानले जाते. असा श्वान घरापुरती कामे करत, सार्वजनिक ठिकाणी न जाता, कुटुंबात राहू शकतो. कामाला पात्र ठरलेला श्वानही साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात निवृत्त होतो आणि मालकाला पुढच्या पिल्लाचा विचार त्याआधीच सुरू करावा लागतो.

हे सुद्धा पहा

कारवान हाउंड
उस्मानाबादी शेळी
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
धाराशिव जिल्हा