रेडिओचा कान आणि गाडीचा पडदा

औंढा-वसमत रस्त्यावर, शिरड शहापूरच्या आसपास, ऊसतोडीच्या दिवसांत रात्री गाडी चालवली असेल तर मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल. पुढे ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला लाल दिव्याचा पत्ता नाही! ताशी 60 किमी वेगाने गाडी दोन सेकंदांत 33 मीटर जाते. नव्या गाडीच्या टचस्क्रीनवर एक गाणं शोधायला तेवढा वेळ पुरत नाही हो.

ही भानगड आली कुठून?

1930 मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' हा कार रेडिओ बाजारात आणला. त्याच सुमारास तिकडे गाडीतल्या रेडिओवर बंदी घालावी का, असा वादही रंगला. भीती कानांची होती : गाण्यात ड्रायव्हरचं चित्त गुंतेल. डोळ्यांची तेवढी नव्हती. पुढे दोन गोल बटणं रूढ झाली, एक आवाजाचं, एक स्टेशनचं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांतही तेच. परभणी आकाशवाणी लावायची तर रेडिओचा कान पिळायचा, मान वळवायची गरज नाही. बोटांनाच सगळं पाठ!

1986 मध्ये ब्युइकने रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन बसवला. लोक वैतागले, आणि 1990 च्या मॉडेलमध्ये बटणं परतली. पण स्मार्टफोन आले आणि पडदाही परत आला, आणखी मोठा होऊन.

2013 मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने कंपन्यांना सुचवलं : एका वेळी नजर दोन सेकंदांहून जास्त हटू नये, आणि एक काम एकूण 12 सेकंदांत उरकावं. ऐच्छिकच हं. 2022 मध्ये एका स्वीडिश मासिकाने ताशी 110 किमी वेगाने चाचणी घेतली. चार साधी कामं. बटणांच्या 2005 च्या व्होल्वोत 10 सेकंद लागले, 306 मीटरमध्ये काम फत्ते. सर्वांत वाईट पडद्याच्या गाडीत 44.9 सेकंद, म्हणजे 1372 मीटर!

कारण साधं आहे. काच सपाट. बोटाला काही लागत नाही, म्हणून डोळ्यांना जावं लागतं. होंडाने काढून टाकलेलं आवाजाचं गोल बटण 2017 च्या सीआर-व्हीत परत दिलं, ते उगाच नाही.

माझं मत विचाराल तर पडदा असू द्या, नकाशाला तो बराच आहे. पण आवाज गोल बटणावर, पुढचं-मागचं गाणं स्टिअरिंगवर, आणि गाण्यांची यादी फक्त उभ्या गाडीत उघडावी.

असो. तुमच्या गाडीत आवाज कमी करायला किती वेळ बघावं लागतं? मोजून सांगा. गाडी उभी करून, बरं का!