अपघातानंतर थांबायचं की पळायचं? एका भीतीचा इतिहास

नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. पुणे–हैदराबाद महामार्ग आपल्या जिल्ह्यातल्या या गावांवरून जातो. दुसरा महामार्ग सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जातो. या रस्त्यांवर कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली एकत्र धावतात, शिवाय कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेले भाविक असतात. अपघाताच्या बातमीत मात्र शेवटचं वाक्य अनेकदा तेच असतं: 'चालक वाहन सोडून पसार झाला.'

तो का पळतो? प्रत्येक वेळी तो निर्दयी असतो म्हणून नाही. त्याला जमावाची, पोलिसांची आणि दवाखान्याच्या बिलाची भीती वाटते. ही भीती खोटी नव्हती. पण गेल्या साडेतीन दशकांत ती कमी करण्यासाठी कायदा टप्प्याटप्प्याने बदलला आहे. हे बदल बऱ्याच वाहनचालकांना ठाऊकच नाहीत, म्हणून हा लेख.

'एमएलसी' आणि वीस किलोमीटर

माझ्या पिढीचे डॉक्टर शिकत होते तेव्हा अपघाताचा पेशंट म्हणजे आधी 'एमएलसी', मेडिको-लीगल केस. 'ही पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या' हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू येई.

त्या काळात एका स्कूटरस्वाराला भरधाव कारने उडवलं. रस्त्यावरच्या एका माणसाने त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे सांगण्यात आलं की अशा केसेस इथे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्या. तिथे पोहोचण्याआधीच तो दगावला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि पोलिसांचे कागद त्यानंतर.

म्हणजे जखमीला घेऊन तुम्ही जवळच्या कोणत्याही दवाखान्यात गेलात, तरी तिथे प्राथमिक उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. पुढे सोलापूरला किंवा लातूरला पाठवावं लागलं, तरी आधी रक्तस्राव थांबवणं आणि श्वास सांभाळणं हे पहिल्या डॉक्टरचं काम आहे.

कायदा ड्रायव्हरला काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १३४ गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. अपघातात कोणी जखमी झालं, तर त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोहोचवण्यासाठी शक्य ते सगळं करणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. पोलीस तिथे नसतील तर लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती द्यायची. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं.

याच कलमात जमावाचाही विचार केलेला आहे. जमाव खवळल्यामुळे थांबणं शक्य नसेल, तर कायदा ते कारण मान्य करतो. मात्र मग थेट पोलीस ठाणं गाठून, मदत का करता आली नाही, हे सांगावं लागतं. जीव वाचवण्यासाठी तिथून निघणं आणि पसार होणं, यांत हा फरक आहे.

मदत करणाऱ्याची भीती

धडक दिलेला ड्रायव्हर थांबत नाही, तसे मागून येणारेही थांबत नाहीत. 'उगाच साक्षीला कोण जाईल?' २००७ मध्ये पीयूष तिवारी यांचा शाळकरी मामेभाऊ-चुलतभावंडांपैकी एक मुलगा अपघातानंतर बराच वेळ रस्त्यावर पडून राहिला आणि गेला. तिवारी यांनी पुढे सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं आणि २०१२ मध्ये ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्या देशभर बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं. आता सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, आणि दवाखाना त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही.

खर्चाच्या भीतीवरही काही उपाय झाला आहे. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात.

जानेवारी २०२४ चा संप

नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) आहे. बेदरकार गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांना न कळवता ड्रायव्हर पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी संप केला आणि महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 'थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं' ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम वगळून लागू झाली. पण कलम १३४ मधलं कर्तव्य तेव्हाही कायम होतं. आणि ड्रायव्हरांच्या तक्रारीचं उत्तर त्याच कलमात आहे: धोका असेल तर पोलीस ठाणं गाठा, पण कळवा.

एक तास, आणि न दिसणारी इजा

अमेरिकेत बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी 'गोल्डन अवर' ही कल्पना रुजवली. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही ती घेतली. साठावं मिनिट संपलं की सगळं संपतं, असा तिचा अर्थ नाही. रक्त वाहत असताना प्रत्येक मिनिट महाग असतं, एवढाच तिचा अर्थ.

३ जून २०१४ ची दिल्लीतली सकाळ मराठवाडा विसरलेला नाही. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या कारची धडक बसली. त्यांना एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेलं, पण ते वाचले नाहीत. तपासणीत यकृताला इजा होऊन झालेला अंतर्गत रक्तस्राव आणि मानेच्या मणक्याची इजा आढळली. बाहेरून मोठी जखम न दिसताही आत जीवघेणी इजा असू शकते. म्हणून 'काही लागलं नाही' म्हणणाऱ्यालाही तपासून घ्यायला हवं, आणि त्यात ड्रायव्हर स्वतःही आला.

मग करायचं काय?

१. थांबा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा. मागच्या गाड्यांना सावध करा, नाहीतर दुसरा अपघात होतो.

२. १०८ वर ॲम्ब्युलन्स बोलवा, ११२ वर पोलिसांना कळवा. रस्ता, दिशा, जवळचं गाव किंवा किलोमीटरचा दगड सांगा.

३. रक्त वाहत असेल तर गमछा, ओढणी, जे स्वच्छ कापड असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका.

४. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. मान हलू देऊ नका. बेशुद्ध माणूस ओकत असेल, तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवा.

५. पाणी पाजू नका. आपल्याकडे हे पहिलं केलं जातं. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि ऑपरेशन लागलं तर भरलेलं पोट धोक्याचं ठरतं.

६. ॲम्ब्युलन्सला उशीर होणार असेल, तर १०८ वरच्या डॉक्टरला विचारून जवळच्या दवाखान्यात हलवा.

७. जमाव अंगावर येत असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा आणि तिथून ॲम्ब्युलन्सला कळवा.

८. त्याच दिवशी स्वतःला तपासून घ्या. धक्क्यात शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि वेदना काही काळ जाणवत नाही. पुढचे दोन दिवस वाढती डोकेदुखी, उलट्या, झापड, पोटात दुखणं, चक्कर, धाप किंवा हातापायांत मुंग्या यांपैकी काहीही जाणवलं, तर दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लक्षणांची वाटच बघू नका.

चूक कोणाची, हे पोलीस आणि कोर्ट नंतर ठरवतील. रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे मात्र तेवढा वेळ नसतो. अपघाताच्या क्षणी त्याच्या सर्वांत जवळ डॉक्टर नसतो, तुम्ही असता.