सेशन रिस्टोअर : अद्ययावतीकरणात हरवणारी सोय

संगणक बंद करताना उघडे असलेले प्रोग्रॅम पुढच्या लॉग-इननंतर आपोआप सुरू होणे आणि त्यांच्या खिडक्या पूर्वीच्या जागी दिसणे, या सोयीस ‘सेशन रिस्टोअर’ म्हणतात. सांगलीलगतच्या माधवनगरसारख्या ठिकाणी एखाद्या छोट्या कार्यालयात हिशेबाची पत्रके, पत्रव्यवहार आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे असतात. प्रणालीची नवी आवृत्ती बसविल्यानंतर ही मांडणी नाहीशी झाली, तर फाइल गहाळ होत नाही. मात्र अर्धवट राहिलेल्या कामाचा धागा तुटतो.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर या सोयीचा पाया ‘एक्स सेशन मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ने घातला. एक्स विंडो प्रणालीच्या १९९४ मधील ‘एक्स११आर६’ या प्रकाशनात त्याचा समावेश झाला. लॉग-आउटच्या वेळी सेशन मॅनेजर प्रत्येक प्रोग्रॅमला स्थिती जतन करण्याचा निरोप देतो. प्रोग्रॅम आपली स्थिती नोंदवितो व स्वतःला पुन्हा सुरू करण्याची आज्ञा कळवितो. खिडक्यांच्या जागा विंडो मॅनेजर लक्षात ठेवतो. या तिघांपैकी एकाची पद्धत बदलली, की साखळी तुटते.

याचे ठळक उदाहरण २००८ मधील आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या ग्नोम २.२४ साठी सेशन मॅनेजर नव्याने लिहिण्यात आला. पण चालू प्रोग्रॅम जतन करण्याची जुनी सोय त्यात उतरली नाही. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू ८.१० मध्ये हीच आवृत्ती असल्याने, अद्ययावतीकरण करणाऱ्यांना नेहमीची मांडणी परत मिळेना. पुढे ‘वेलँड’ आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. नोव्हेंबर २०१६ मधील फेडोरा २५ पासून ग्नोममध्ये तो मूलनिवड म्हणून आला. वेलँडमध्ये सामान्य प्रोग्रॅमला स्वतःच्या खिडकीची पडद्यावरील जागा ठरविता येत नाही. त्यामुळे एक्सवर आधारलेली जुनी युक्ती तेथे चालत नाही.

दोष प्रत्येक वेळी अद्ययावतीकरणाचाच असतो असे नाही. भारनियमनात वीज अचानक गेली, तर लॉग-आउटचा निरोपच निघत नाही आणि सेशनची ताजी नोंद होत नाही. अशा वेळी आधीची जुनी मांडणी समोर येऊ शकते.

नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी सर्व फाइली जतन कराव्यात, उघड्या कामांची यादी लिहून ठेवावी आणि होम फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. रोज लागणारे प्रोग्रॅम ‘ऑटोस्टार्ट’च्या यादीत घातल्यास निदान ते तरी आपोआप सुरू होतात. ब्राउझरची व्यवस्था बहुधा स्वतंत्र असते. फायरफॉक्समध्ये ती २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. सेशन रिस्टोअर ही केवळ सोय आहे. फाइल जतन करण्याला तो पर्याय नव्हे.