आगटीभोवतीचा हिवाळा

सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी चिट नावाच्या एका यवनानं जुन्नरच्या भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. डोंगर कोरून केलेली जेवणाची जागा आणि तिथं ब्राह्मी लिपीत दात्याचं नाव. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या खोदून दिल्या. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा खर्च कल्याणच्या सुलसदत्तानं उचलला. कुणी राजवाडा बांधून गेलं नाही. बाहेरून आलेल्या या माणसांनी जुन्नरला जे ठेवलं, त्यात बसून जेवायची जागा आणि प्यायचं पाणी होतं. इथल्या पाहुणचाराचा इतिहास लिहायचा झाला, तर पहिली नोंद हीच धरावी लागेल.

हे लोक यायचे नाणेघाटानं. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून या घाटानं वर चढे. घाटमाथ्यावरच्या गुहेत आत तीन बाजूंनी कट्टे आहेत, भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची त्या लेखातली यादी वाचताना आकडे लिहायची भारतातली एक फार जुनी पद्धत डोळ्यांसमोर येते. १८२८ साली विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं या लेण्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पावसाळ्यात या वाटेवरून धो धो पाणी वाहतं. तांड्यांचा हंगाम पाऊस सरल्यावरचा. थंडी पडली की घाट जागा व्हायचा आणि आजही जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी पायी हिंडणाऱ्यांचा हंगाम तोच आहे.

पण ह्या झाल्या वाटसरूंच्या गोष्टी. गावातली माणसं थंडीत कुठं असत? शेतात.

त्यातही जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव या तालुक्यांत एकाच हिवाळ्याचे तीन हिवाळे होतात. पश्चिमेला सह्याद्रीला टेकलेल्या गावांत भाताचं राज्य. झोडणी उरकली, भात घरात आलं, की माणूस मोकळा. याच भागात दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो. गुराखी रानात वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, खीर शिजवतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि तिथंच बसून खातात. गुरं सांभाळ, पोरं सांभाळ, एवढंच मागणं. रानात जाऊन एकत्र जेवायची याहून जुनी रीत या तालुक्यांत क्वचितच सापडेल. मधल्या पट्ट्यात कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्यांची काळी खोरी. आणि पूर्वेला बेल्ह्याकडून चढत जाणारं आण्याचं पठार, जिथं पाण्याची वानवा कायमची.

मधल्या आणि पूर्वेकडच्या या जमिनींत रब्बीची ज्वारी उभी राहायची. पीक पोटऱ्यातून निसवलं, कणसात दूध भरलं की पाखरांच्या धाडी सुरू होत. मग शेतात माळा उभा राहायचा. चार मेढी, वर फळ्या आणि कडब्याचा आडोसा. दिवसा त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, रात्री घोंगडी पांघरून जागायचं. राखणीला एकट्यानं बसवत नाही. शेजारच्या शेतातला येतो, भाऊबंद येतात, पोरं हट्टानं येतात. हुरड्याची, म्हणजे भाजलेल्या कोवळ्या ज्वारीची, बैठक जन्मली ती या राखणीतून. तिच्यासाठी सुट्टी कुणी काढली नव्हती. कामच असं होतं की त्यात थांबणं होतं, आणि थांबणं होतं म्हणून गप्पा होत्या.

आगटी पेटवणं हे बघण्यासारखं काम आहे. जमिनीत हात-दीड हात रुंदीचा उथळ खड्डा घेतात. त्यात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवतात. जाळ बसून लालबुंद निखारा आणि गरम राख उरली, की कोवळी कणसं त्यात खुपसतात. दाणा फार दुधाळ असेल तर चिकटून बसतो, फार भरला असेल तर चिवट होतो; मधली नेमकी वेळ आठवड्याभराची. कणीस हिरवं असतानाच वाफ धरतं आणि त्याचा वास पसरतो. मग गरम कणीस तळहातांत धरून चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठभर हिरवा दाणा समोरच्याच्या हातावर ठेवायचा. चोळणाऱ्याचे तळवे पोळतात, पण त्याला आधी खाता येत नाही. सोबत गूळ, शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, बोरं, उसाचं कांडं. सगळ्या ज्वारीचा हुरडा होत नाही. गुळभेंडी, सुरती, कुचकुची असे गोड आणि सहज सुटणाऱ्या दाण्याचे वाण त्यासाठी बांधाकडेला चार ओळी का होईना, मुद्दाम पेरत. विकायला नव्हे, खायला आणि बोलवायला. सासरी गेलेली लेक, पुण्या-मुंबईचा चुलता, तालुक्याचा मास्तर, यांना निरोप जायचा: हुरडा आलाय, या.

मुंबईचा चुलता मात्र निरोप मिळाला म्हणून लगेच येऊ शकत नव्हता. गिरणीत आठवड्याची सुट्टीच नव्हती. शेतकऱ्याच्या बैलाला मोडा होता, त्या दिवशी औत जुंपत नसत. गिरणी कामगाराला तेवढंही नव्हतं. ही सुट्टी ज्यांनी भांडून मिळवली ते नारायण मेघाजी लोखंडे पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरच्या घराण्यातले. सभा, अर्ज, मोर्चे अशी काही वर्षं झुंजून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी जाहीर झाली. आज शनिवार-रविवारला गाडी काढून गावाकडं निघणाऱ्यांच्या कपाळी हा रविवार आपोआप उगवलेला नाही. शाळेत लोखंडे हे नाव अधिक ठळकपणे शिकवलं जायला हवं.

जुन्नर-आंबेगावची माणसं मुंबईत पसरली ती गिरण्यांत, बंदरावर, बाजारात आणि डबे पोचवण्याच्या धंद्यात. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद असाच गिरणीत राबायला गेलेला तरुण. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो त्या ट्रकखाली गेला. वय बावीसच्या आसपास. डबेवाल्यांची मोठी सुट्टी आजही चैत्रातल्या गावजत्रेची असते. हिवाळ्यात मिळे ते उभ्या-उभ्या येणं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला तेव्हा घाटावरच्या गावांत पुष्कळ माणसं परतली. काही कायमची.

ती परतली तोवर गावच्या जमिनीचं रूप पालटायला लागलं होतं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं टप्प्याटप्प्यानं उभी राहिली. घोड नदीवरच्या डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, आणि ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कालवे आले तसा ऊस आला, साखर कारखाने आले, नारायणगाव टोमॅटोची मोठी बाजारपेठ झालं, द्राक्षबागा मांडवावर चढल्या. १९८०च्या दशकात नारायणगावजवळ फेसाळती वाइनही तयार होऊ लागली. घरं पक्की झाली, पोरं शिकली. हे सगळं पाण्यानं दिलं. पण बागायतीत ज्वारीला जागा उरेना. कमी पाण्यात येणारं, कडबा देणारं, घरचं खाणं भागवणारं पीक बांधाबाहेर गेलं आणि त्याच्यासोबत माळा, गोफण आणि राखणीही गेली. १९९०च्या सुमारास नदीकाठच्या गावांत वाढलेल्या पोराला हुरडा खायचा तर मामाचं कोरडवाहू गाव गाठावं लागायचं.

हुरडा परत आला तो तिकीट घेऊन. २००५च्या आसपास बारामतीकडून कृषी पर्यटनाची कल्पना राज्यात रुजायला लागली. हळूहळू जुन्नर, आंबेगावातही शेतकऱ्यांनी शेतातच पाहुण्यांची सोय केली. बैलगाडीची फेरी, झाडाखाली खाट, चुलीवरची भाकरी आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत हुरडा. २०१८ साली राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, २०२०मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थळं, शिवनेरीवरचं शिवरायांचं जन्मस्थान, भीमाशंकरच्या १९८५पासून राखीव असलेल्या जंगलातलं शेकरू, पिंपळगाव जोग्याच्या पाण्यावर उतरणारे रोहित. हे सगळं पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतकं जवळ.

पैसे मोजून खाल्लेल्या हुरड्याला काही जुनी माणसं नाकं मुरडतात. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे? त्यांचं दुखणं खरं आहे. तरीही या व्यवहाराची बाजू घ्यायला हवी. ज्वारी बाजारात विकून जे मिळतं ते पाहता ती कुणी हौसेखातर पेरत राहणार नाही. पाहुणे येतात म्हणून आज बागायती शिवारातही हुरड्यासाठी मुद्दाम ज्वारी उभी राहते, तीही पुढंमागं पेरून, म्हणजे हंगाम आठवड्याऐवजी महिना-दोन महिने टिकावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर असे खास हुरड्याचे वाणही काढले. आणि एक गोष्ट जुन्या आठवणींत निसटून जाते: पूर्वीच्या फुकटच्या हुरड्यातही भाकऱ्या बडवणारी, चटणी कुटणारी, भांडी घासणारी बाई होतीच. तिच्या कामाचा हिशेब तेव्हा कुणी मांडला नव्हता. आज शेतावर पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळत असतील, तर तो बदल चांगलाच आहे.

फुकट जेवणाची रीत मोडलेली नाही, हेही सांगायला हवं. कालव्याचं पाणी जिथं चढलं नाही त्या आण्याच्या पठारावर, आणे गावी, रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा भर थंडीत भरते. महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी गावकरी मोठमोठ्या कढयांत शिजवतात, भाकऱ्या घरोघरी थापल्या जातात, आसपासच्या गावांतूनही येतात आणि एका जागी त्यांची रास लागते. पोटासाठी बाहेर गेलेले गावकरी त्या दिवशी परततात. हजारो माणसं पठारावरच्या वाऱ्यात जमिनीवर पंगतीनं बसतात, भाकरी कुस्करतात आणि वाढप्याची वाट बघतात. तिखट, गरम आमटी ओतली गेली की बोलणं थांबतं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचं हे अन्नदान पाहिल्याशिवाय जुन्नरचा हिवाळा पाहिला असं म्हणता येत नाही.

रात्रीची आगटी मात्र बहुतेक ठिकाणी बंद झाली. उसानं ज्वारीची जागा घेतली तसा बिबट्याही उसात राहायला आला. दाट पीक, पाणी, गावातली कुत्री आणि शेळ्या. त्याला जंगलात परतायचं कारण उरलं नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले फार वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्यानं प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढं आलं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. ऊसतोडीत बछडे सापडले की त्यांना त्याच शेतात ठेवून आईची वाट पाहायला वनखात्याची माणसं रात्र जागवतात. तरी माणसं मरायची थांबलेली नाहीत, आणि त्यात लहान पोरं असतात.

म्हणून हुरडा पार्टी सकाळी दहाला सुरू होते आणि उन्हं कलायच्या आत गाड्या महामार्गाला लागतात. यजमानाला तशी मुभा नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला त्याला रात्रीच जावं लागतं. हातात काठी, डोक्याला बॅटरी आणि बांधावर मोठ्यानं वाजणारा मोबाइल. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतले शेतकरी शेतीला दिवसा वीज द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत आले आहेत.