लोखंडाची धूळ आणि नारळीकरांचा पक्ष

‘नगरला चाललो’ असं आमच्याकडे कुणी म्हटलं, तर ‘कोणत्या नगरला?’ असं विचारावं लागत नाही. कागदोपत्री अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात ते नुसतं नगरच राहिलं आहे. त्यामुळे जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे नाव वाचून कुठल्याही नगरकराला क्षणभर वाटावं, की यातलं एखादं नगर आपलं असेल का? ते नाही. त्यांची चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. तरीही त्यांच्या संशोधनातला एक धागा आमच्या जिल्ह्याच्या मातीपर्यंत आणता येतो. तो धागा धुळीचा आहे, अंतराळातल्या धुळीचा.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचं निधन झालं. त्यानंतर जे लेख आले, त्यांत विज्ञानकथा होत्या, आयुका होती, पद्मविभूषण होतं. धुळीबद्दल मात्र फार कुणी लिहिलं नाही. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल जगातले बहुसंख्य शास्त्रज्ञ एका बाजूला आणि हा माणूस मोजक्या सोबत्यांसह दुसऱ्या बाजूला, असं साठ वर्षं चाललं. त्या वादात त्यांच्या पक्षाची सारी भिस्त पुढे या धुळीवरच येऊन ठेपली.

जामखेडचा दगड

आधी आमच्या जिल्ह्यातली गोष्ट. १८६६ साली जामखेडच्या परिसरात आकाशातून दगड पडला. उल्कापाषाणांच्या जागतिक यादीत तो इंग्रजी अमदानीतल्या स्पेलिंगप्रमाणे ‘जामखेर’ या नावाने आहे. यादीत त्याचं वजन आहे २२ ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांनाही जरा कमीच. वर्गवारीत तो ‘एच’ गटातला आहे. सामान्य उल्कापाषाणांत ज्या गटात लोखंड सर्वांत जास्त असतं, तो हा गट.

असे पाषाण सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे. सूर्य नुकताच जन्मला होता, त्याच्याभोवती वायू आणि धूळ फिरत होती. ती धूळ एकमेकींना चिकटत गेली आणि त्यातून आधी गोळे, मग ग्रह तयार झाले. पृथ्वीही तशीच झाली. म्हणजे जामखेडला पडलेला तो तुकडा आणि तो ज्या जमिनीवर पडला ती जमीन, दोन्हींची मूळ सामग्री एकच.

आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला, पावसाळ्याआधीच्या अमावस्येला रात्री वर पाहिलं तर आकाशगंगेचा पट्टा दिसतो. त्याच्या मधोमध काळे डाग आणि चिरा दिसतात. तिथे तारे नसतील, आकाशाला भोक असेल, असं अठराव्या शतकातल्या विल्यम हर्शेलसारख्या मोठ्या निरीक्षकालाही वाटलं होतं. १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दाखवून दिलं, की ताऱ्यांमधली जागा रिकामी नसून तिथे प्रकाश अडवणारी धूळ आहे. धुराच्या कणांइतके बारीक कण. काही वाळूच्या जातीचे, काही कोळशाच्या. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात वजनाने ही धूळ जेमतेम एक टक्का भरते, पण मागचे तारे झाकून टाकते. ती येते म्हाताऱ्या ताऱ्यांतून आणि स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांतून.

बनारस ते केंब्रिज

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, पण बालपण गेलं बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते आणि आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. १९५७ साली बी.एस्सी. करून जयंतराव केंब्रिजला गेले. तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले आणि संशोधनासाठी त्यांनी फ्रेड हॉईल यांना गुरू केलं.

हॉईल म्हणजे वादळी माणूस. विश्व एका क्षणी स्फोटातून सुरू झालं, हे त्यांना मान्य नव्हतं. १९४८ साली त्यांनी आणि बाँडी-गोल्ड या जोडीने स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्व प्रसरण पावतं, पण त्याला सुरुवात नाही, जुनं द्रव्य पांगत जातं आणि नवं तयार होत राहतं. विरोधी मताला ‘बिग बँग’ हे नाव देणारेही हॉईलच. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात त्यांनी ते वापरलं आणि जगाने उचललं.

१९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजचेच मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून जाहीर केलं, की स्थिर स्थितीचा सिद्धांत खोटा ठरला. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याला उत्तर द्यायचं होतं आणि हॉईल यांना दुसरं काम होतं. उत्तर द्यायला उभा राहिला त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी. नारळीकरांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात अशी झाली: भरलेलं सभागृह, समोर राईलसारखा दिग्गज आणि आपला पक्ष अल्पमतात.

पुढे १९६४ मध्ये हॉईल-नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला, भारतात त्यांचं नाव घरोघरी पोचलं आणि १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाला सर्वांत मोठा धक्का बसला. अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखंच येणारं मायक्रोवेव्ह प्रारण सापडलं. त्याचं तापमान उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे जेमतेम २.७ केल्व्हिन. बहुतेकांनी म्हटलं, ही महास्फोटाची निवत आलेली ऊब आहे. वाद संपला.

लोखंडाच्या सुया

नारळीकरांच्या लेखी तो संपला नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता: ही ऊब स्फोटाचीच कशावरून? ताऱ्यांची का नसावी?

त्यामागचा हिशेब समजायला कठीण नाही. विश्वात जेवढा हेलियम आहे, तेवढा सगळा ताऱ्यांच्या पोटात तयार झाला असं धरलं, तर त्यासाठी ताऱ्यांनी किती प्रकाश बाहेर टाकला असेल ते काढता येतं. त्या सगळ्या प्रकाशाची समान पसरलेली ऊब केली, तर तिचं तापमान पावणेतीन केल्व्हिनच्या जवळ येतं. प्रत्यक्षात सापडलेला आकडाही तोच. आता हवा होता असा पदार्थ, जो ताऱ्यांचा प्रकाश गिळेल आणि मायक्रोवेव्ह लहरींच्या रूपात परत देईल.

हे काम साधी धूळ करू शकत नाही. म्हणून पुढे आली लोखंडाची धूळ. धातूची वाफ हळूहळू थंड झाली की तिचे गोल कण न होता बारीक सुया होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. एक मिलिमीटरच्या आसपास लांब, पण केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक अशी सुई मायक्रोवेव्ह लहरींसाठी अँटेनासारखी वागते. स्फोट होणाऱ्या ताऱ्यांत लोखंड भरपूर बनतं. तिथून अशा सुया बाहेर फेकल्या गेल्या आणि दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेत विरळ पसरल्या, तर दूरचं दिसायला अडचण येत नाही आणि ताऱ्यांच्या प्रकाशाची ऊबही होते.

१९७२ मध्ये नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांचे विद्यार्थी नारायणचंद्र राणा यांनी धुळीच्या या प्रश्नावर काम केलं. राणा बंगालमधल्या मिदनापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, तरुणपणापासून हृदयविकार, छातीत पेसमेकर. पुढे तेही आयुकात आले आणि १९९६ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी गेले.

१९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुना सिद्धांत दुरुस्त करून नव्याने मांडला. त्यात विश्व आळीपाळीने फुगतं आणि आकसतं, आणि आधीच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश लोखंडी सुया ऊब करून जपतात. १९९८ साली दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा अंधूक दिसले, तेव्हा इतरांनी त्यातून विश्वाच्या वाढत्या वेगाचा निष्कर्ष काढला. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, मधल्या धुळीने प्रकाश मंद केला नसेल कशावरून?

बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यालाही कारणं होती. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्या प्रारणाचा आलेख इतका निर्दोष दाखवला, की तो धुळीतून निघणं अवघड वाटावं. पुढच्या उपग्रहांनी त्यातले बारीक चढउतार मोजले. ते महास्फोटाच्या गणिताशी नेमके जुळले. लोखंडी धुळीच्या गणितातून तेवढ्या नेमकेपणाने ते निघत नाहीत. आज पुराव्याचं पारडं महास्फोटाच्या बाजूने जड आहे.

एक्केचाळीस किलोमीटर उंचीवर

धुळीने नारळीकरांना आणखी एका वादात नेलं. हॉईल यांचे दुसरे विद्यार्थी, श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे, यांनी अंतराळातल्या धुळीत सेंद्रिय द्रव्य असल्याचं मत मांडलं होतं. त्यातून ते आणि हॉईल इथवर गेले, की जीवसृष्टीचं बीजच धूमकेतूंच्या धुळीतून पृथ्वीवर आलं. हे ऐकून बरेच जण हसले. नारळीकर म्हणाले, तपासून पाहू.

२००१ च्या जानेवारीत इस्रोच्या मदतीने हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. निर्जंतुक केलेल्या, अतिशीत नळ्यांत ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली गेली. २००५ च्या एप्रिलमध्ये दुसरं उड्डाण झालं. या दुसऱ्या वेळचे नमुने हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत वेगवेगळे तपासले. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती पूर्वी कुणालाच माहीत नसलेल्या होत्या आणि अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या होत्या. २००९ मध्ये त्यांची नावं जाहीर झाली: एकाला हॉईल यांचं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

इथे फुशारकी मारणं सोपं होतं. पण हे जीव अंतराळातूनच आले असं यावरून सिद्ध होत नाही, एवढंच जाहीर झालं. जमिनीवरून वर गेलेले असण्याची शक्यता खुली ठेवली गेली.

वेधशाळा कुणाच्या नावावर टिकते?

नगरशी जोडलेला एक इतिहासकार इथे आठवतो. मुहम्मद कासिम फरिश्ता. लहानपणी वडिलांबरोबर तो निजामशाहीच्या नगरात आला आणि तिथेच वाढला. १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो, की १४०७ साली फिरोजशहा बहमनीने दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला काढली. हकीम हसन गिलानी हे विद्वान ते काम पाहत होते. ते वारले आणि वेधशाळा अर्धवटच राहिली.

एका माणसावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर थांबतं, हे दख्खनने असं पाहिलं आहे. १९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झाली आणि नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या प्राध्यापकाने, विद्यार्थ्याने तिथे यावं, ग्रंथालय वापरावं, दुर्बिणीचा वेळ मागावा, ही तिची रचना. २००३ मध्ये ते पायउतार झाले आणि संस्था चालू राहिली. तिथे महास्फोटाच्या बाजूने काम करणाऱ्यांना कधी दार बंद नव्हतं. संचालकाचं मत हे संस्थेचं मत झालं नाही. सत्तेच्या खुर्चीवर अल्पमतातला माणूस बसतो, तेव्हा तो आपलं मत लादतो का, ही त्याची खरी परीक्षा असते.

सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली सही मिळेल. पोस्टकार्ड खेड्यातल्या मुलालाही परवडतं. ज्योतिषाबद्दलही त्यांनी नुसती टीका केली नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीला सोबत घेऊन त्यांनी पुण्यात चाचणीच घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांचं यश सरासरी ४६ टक्के निघालं; नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं.

मला नारळीकर महत्त्वाचे वाटतात ते यासाठी. आपल्याकडे अल्पमतात असलेल्या माणसापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात: गप्प बसा, नाहीतर ‘आम्ही थोडे आहोत म्हणूनच खरे आहोत’ असा हट्ट धरा. मराठी मुसलमान वाचकाला या दोन्ही वाटा नव्याने सांगायला नकोत. समाजाबाहेरही त्या दाखवल्या जातात आणि समाजातल्या समाजातही. नारळीकरांनी तिसरी वाट धरली. बहुमत म्हणजे पुरावा नव्हे, आणि एकटेपण म्हणजेही पुरावा नव्हे, हे जाणून त्यांनी हिशेब मांडला, फुगा सोडला, पत्रिका वाटल्या आणि जे निघालं ते छापलं. लोखंडाच्या सुयांचा डाव त्यांच्या हयातीत जिंकला गेला नाही. पण त्या डावाने बहुमतवाल्यांनाही आपला पुरावा अधिक चोख करायला लावलं. ज्ञानाच्या व्यवहारात विरोधी पक्षाचं काम हेच असतं, आणि ते करणाऱ्याला हरलेला म्हणता येत नाही.