वाघिणी, डबे आणि सुट्टीच्या दिवशीचे सुतार

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’चे आपल्या जिभेवर झालेले हे रूप मला फार आवडते. पण नावात वाघ असला तरी रेल्वेच्या इतिहासात या वाघिणीला कुणी मान दिलेला नाही. फोटो निघतो इंजिनाचा, चौथऱ्यावर चढवतात ते इंजिनच. त्यामागे ज्या डब्यांत माणसे बसली आणि ज्या वाघिणींतून कोळसा, धान्य, दगड गेला, ते सगळे भंगारात जाते.

दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावाचा किस्सा यासाठी सांगण्यासारखा आहे. ब्रिटिश रेल्वेने १९६८ साली वाफेची इंजिने नियमित वाहतुकीतून काढून टाकली. त्याआधीच शेकडो इंजिने भंगारवाल्यांकडे जाऊ लागली होती. बॅरीच्या डाय वुडहॅम यांच्या आवारात २९७ इंजिने आली आणि त्यांतली २१३ पुढे हौशी लोकांनी विकत घेऊन वाचवली. इतकी कशी वाचली? वुडहॅम यांच्याकडे जुन्या वाघिणीही ढिगाने येत होत्या. वाघीण फोडणे सोपे, इंजिन फोडणे किचकट. म्हणून कामगार आधी वाघिणी फोडत राहिले आणि इंजिने बाजूला गंजत उभी राहिली. आज ब्रिटनच्या वारसा रेल्वेंवर धूर सोडत धावणाऱ्या अनेक इंजिनांचे आयुष्य असे वाघिणींच्या जिवावर वाढलेले आहे. हे तिथल्या किती प्रवाशांना ठाऊक असेल, कुणास ठाऊक!

मात्र ज्या लोकांनी रेल्वे वाचवण्याची ही चळवळ सुरू केली, त्यांना डब्यांचे मोल पहिल्यापासून कळले होते. वेल्समध्येच टॅलिलिन नावाची अरुंद रुळांची छोटी रेल्वे आहे. डोंगरातल्या खाणीतली पाटीच्या दगडाची छपरे खाली आणण्यासाठी ती १८६५च्या सुमारास बांधली गेली. तिचे मालक सर हेडन जोन्स १९५० साली वारले, तेव्हा ती बंद पडणार हे उघड होते. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी सोडली. स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली ही पहिली रेल्वे.

या रेल्वेच्या मूळ डब्यांना दारे एकाच बाजूला आहेत. १८६६ साली सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले, तेव्हा पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागाच नसल्याचे त्यांना दिसले. पूल तोडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. मग एका बाजूची दारे कायमची बंद करण्यात आली आणि रूळ थोडे सरकवून दाराच्या बाजूला जागा करण्यात आली. स्वयंसेवकांनी हे डबे दुरुस्त करताना ही खोड तशीच ठेवली. आजही प्रवासी एकाच बाजूने चढतात. ‘सुधारणा’ म्हणून दुसरी दारे उघडली असती, तर ती सगळी हकीकत पुसली गेली असती.

आयल ऑफ वाइट बेटावर गोष्ट आणखी पुढे गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले जुने लाकडी डबे चाके काढून विकले गेले आणि लोकांनी त्यांची घरे, सुट्टीतल्या झोपड्या, बागेतल्या खोल्या केल्या. कुणी वर पत्रे ठोकले, कुणी भिंतीला कागद चिकटवला. त्या आच्छादनाखाली मूळ लाकूड टिकले. पुढे हॅवनस्ट्रीटच्या वारसा रेल्वेने हे सांगाडे गोळा करून रुळावर आणले. मूळ चौकट आणि चाके केव्हाच गेलेली असल्यामुळे सदर्न रेल्वेच्या जुन्या पार्सल डब्यांची लोखंडी चौकट कापून, आखूड करून त्यावर हे डबे बसवले. शुद्धतावादी नाक मुरडतील. मला मात्र यात काही खोट वाटत नाही. माणसांच्या घरांत दिवस काढलेला डबा पुन्हा माणसे घेऊन धावतो आहे, तर त्याच्या पायाखाली दुसऱ्या गाडीची चाके असली म्हणून काय बिघडले?

काम मात्र चिवट असते. बाहेरचे रंगाचे थर एकेक खरवडायचे. त्यात जुना क्रमांक, कंपनीचे नाव सापडते. कुजलेला खांब सांध्यापाशी कापून त्याच जातीचे लाकूड जोडायचे. छपरावर कॅनव्हास ताणायचे, खिडकीचा चामडी पट्टा नवा शिवायचा. हे करणारे बहुतेक निवृत्त लोक, शिक्षक, कारकून, सुट्टीच्या दिवशी रंधा हातात घेणारे. एका डब्यावर अशी कित्येक वर्षे सहज जातात.

आता आपल्याकडे वळू. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारली, पैसा त्यांचे वडील सर आदमजी यांचा, खर्च १६ लाख रुपये. सरकारी मदतीची वाट न पाहता मुंबईतल्या एका बोहरा कुटुंबाने डोंगरावर रेल्वे नेली, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी वाचल्याचे मला आठवत नाही. तिची पहिली इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची. घाटाच्या तीव्र वळणांवर चाकांना बाजूला सरकता यावे, अशी त्यांच्या आसांची रचना होती. त्यांतले ७४० क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या स्वयंसेवकांच्या रेल्वेकडे आहे.

बाहेरच्या लोकांनी ते नेले म्हणून हळहळणारे आपल्याकडे भेटतात. माझा प्रश्न वेगळा आहे. इंजिन निदान कुणाला तरी हवे होते. पीरभॉय यांच्या गाडीच्या पहिल्या डब्यांचे काय? त्यांचे बाक, त्यांचे सांधे, ते जुळवणाऱ्या सुतार-मिस्त्रींचे हात यांची चौकशी करायला आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी कोण जातो? भारतात रेल्वे सरकारची. जुन्या डब्याचा निर्णय कार्यालयात होतो आणि डबा भंगाराच्या लिलावात जातो. रेल्वेच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले सुतार, लोहार, रंगारी मुंबईत, सोलापुरात, भुसावळात आजही घरी बसून आहेत. कुठल्या सांध्याला कोणती खाच आणि कोणता लाकूडतुकडा लागतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडे रंधाही आहे आणि वेळही. आत शिरायला फाटक तेवढे उघडे नाही.