तळघर खोदताना पाया सांभाळा

अमेरिका व कॅनडातील अनेक जुन्या घरांखाली अर्धेच तळघर असते. एका भागाखाली माणूस उभा राहू शकेल अशी खोली आणि उरलेल्या भागाखाली माती व लाकडी तुळया यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन फुटांची पोकळी. आत रांगतच शिरावे लागते, म्हणून तिला ‘क्रॉल स्पेस’ म्हणतात. महाराष्ट्रात जोत्यात मुरुमाची भरणी घालून वर फरशी बसवली जात असल्याने हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे. मात्र न्यू जर्सी किंवा टोरांटोत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न येऊ शकतो : ही पोकळी खोदून तळघर वाढवता येईल काय? वाढवता येते. पण तेथील माती ही अडगळ नसून घराचा आधार आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

पाया कशावर उभा असतो?

पायाची भिंत काँक्रीटच्या रुंद पट्टीवर टेकलेली असते. तिला ‘फुटिंग’ म्हणतात. हिवाळ्यात माती गोठून फुगते व घर उचलले जाते. म्हणून फुटिंग गोठणाऱ्या थराच्या खाली, टोरांटोसारख्या शहरात सुमारे ४ फूट खोल, ठेवतात. राहण्याच्या खोलीला अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेनुसार किमान ७ फूट उंची लागते. साहजिकच नवी जमीन फुटिंगच्याही खाली जाते. घराचा भार फुटिंगखाली तिरका पसरत जमिनीत उतरतो. त्या भागातील माती एकदम काढली, तर उरलेली माती आत घसरते, भिंत खचते आणि वरच्या मजल्यापर्यंत तडे जातात.

दोन पद्धती

पहिली पद्धत ‘अंडरपिनिंग’. यात फुटिंगखालची माती साधारण तीन-चार फूट लांबीच्या तुकड्यांत काढतात. एका तुकड्यात काँक्रीट भरून ते पुरेसे घट्ट झाल्यावर, जुना पाया आणि नवे काँक्रीट यांमधली फट न आकसणाऱ्या मसाल्याने ठासून भरतात. शेजारशेजारचे तुकडे एकाच वेळी उघडायचे नाहीत, हा या कामाचा मूळ नियम. काम संथ व खर्चिक असते, पण खोलीला पूर्ण रुंदी मिळते.

दुसरी पद्धत ‘बेंच’. भिंतीलगतची माती न हलवता तिच्यापुढे काँक्रीटचा कट्टा बांधतात आणि मधलाच भाग खोल करतात. फुटिंगला धक्का लागत नाही, मात्र कडेची जागा कायमची जाते. कट्टा किती रुंद ठेवायचा, हे मातीचा प्रकार व खोली पाहून अभियंता ठरवतो.

मातीचा हिशेब

लांबी ३० फूट व रुंदी २० फूट असलेली पोकळी ४ फूट खोल करायची, तर २,४०० घनफूट, म्हणजे सुमारे ६८ घनमीटर माती निघते. तिचे वजन १०० टनांहून अधिक भरते आणि मोकळी झाल्यावर ती साधारण चतुर्थांशाने फुगते. यंत्र आत जाण्यास वाट नसेल, तर ही सारी माती बादल्यांनी किंवा सरकत्या पट्ट्यावरून बाहेर काढावी लागते. एक घनयार्ड माती मोटारीइतकी जड असू शकते. ती अंगावर कोसळली, तर सुटण्यास वेळ मिळत नाही. बंदिस्त जागेत पेट्रोलवर चालणारी यंत्रे वापरणेही जिवावर बेतू शकते, कारण त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन असतो.

पाणी, हवा आणि सुटकेची वाट

तळघर जितके खोल, तितके भूजल जवळ. त्यामुळे पायाभोवती निचऱ्याची नळी, साठलेले पाणी उपसणारा पंप आणि जमिनीखाली ओल अडवणारा जाड प्लॅस्टिकचा थर आवश्यक ठरतो. सांडपाण्याची नळी नव्या जमिनीहून उंचावर राहत असेल, तर मैला वर चढवण्यासाठी वेगळा पंप लागतो. जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू तळघरात साचतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. म्हणून काम संपल्यावर त्याची चाचणी करून घ्यावी.

निजण्याच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकीही हवी. संहितेनुसार तिची मोकळी जागा साधारणपणे किमान ५.७ चौरस फूट असावी लागते आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांहून उंच चालत नाही. या तरतुदी कागदापुरत्या नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कला झोडपले, तेव्हा शहरातील १३ मृतांपैकी ११ जण तळघरांतील घरांत दगावले.

कुदळ मारण्यापूर्वी

माती व भूजल यांची तपासणी, अभियंत्याचा आराखडा, स्थानिक प्रशासनाचा परवाना, जमिनीखालच्या तारा-नळ्यांच्या खुणा आणि भिंत सामाईक असल्यास शेजाऱ्याशी लेखी व्यवहार, हा क्रम चुकवू नये. शेजारच्या भिंतींची छायाचित्रे आधीच काढून ठेवल्यास पुढचा वाद टळतो. भूजल उथळ असेल किंवा पाया आधीच खचलेला असेल, तर वर वा मागे खोली वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरते. घराखाली एक खोली मिळवताना घरच धोक्यात येणार नाही, याची खात्री पटल्यावरच खोदकामास हात घालावा.